रीलोड झालं म्हणजे नक्की काय झालं?

सकाळी पावणेसातला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून फोटो आला. आमच्याच मशीनची स्क्रीन. मर्यादा ४.०, मोजलेली गळती ५.२, आणि बाजूला भलामोठा हिरवा चौकोन : ओके. खाली एक ओळ. ‘मॅडम, हे कस्काय? लिमिट चार हाय आन पाच पॉइंट दोनला ग्रीन देतंय.’

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. आम्ही टेस्टिंगची मशीनं बनवतो. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आहेत, त्यांतले काही आमचे गिऱ्हाईक. हे मशीन कूलंटच्या पाइपांची गळती तपासतं. पाइप दोन्ही टोकांनी बंद करायचा, आत हवा भरायची, थोडं थांबायचं, दाब किती उतरला ते बघायचं. त्यावरून मिनिटाला किती सीसी हवा निसटते ते निघतं. आकडा मर्यादेच्या आत असेल तर हिरवा, नाहीतर लाल. मर्यादा पूर्वी ६ होती. गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाने ती ४ वर आणली होती. आदल्या रात्री दहाच्या सुमारास प्लांटच्या प्रोसेस इंजिनियरने आकडा बदलला, ‘रीलोड’ बटण दाबलं, स्क्रीनवर ४.० आलेलं पाहिलं आणि तो घरी गेला.

रात्रपाळीत ३१२ पाइप तपासले गेले. त्यातले ४१ चार आणि सहाच्या मधले होते. सगळे हिरवे. एक गाडी भरून निघूनही गेली होती.

फोटो पाठवणारा मुलगा रात्रपाळीचा ऑपरेटर होता. आयटीआय झालेला, कंत्राटावर, मराठवाड्यातला. मशीनच्या बाजूला सर्व्हिसचा नंबर चिकटवलेला असतो, तो माझा. त्याने पाळी संपता संपता तो आकडा पाहिला आणि फोटो काढून मला पाठवला. प्लांटमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे हेही त्याच्या अंगाशी आलं.

पुढे काय झालं ते अगदी नेहमीचं आहे. चौकशी झाली. ‘स्क्रीनवर चार दिसतंय, रीडिंग पाच पॉइंट दोन आहे, आणि तू माल पेटीत टाकतोस? डोळे नव्हते का?’ तो म्हणाला, ‘साहेब, हिरवा लागला की टाकायचं असंच शिकवलंय.’ खरंच तसंच शिकवलेलं आहे. मशीन घेतलंच त्यासाठी, की माणसाने आकडे वाचत बसू नये. तरी अहवालात मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ लिहिलं गेलं आणि उपाय म्हणून ‘पुन्हा प्रशिक्षण’. प्रशिक्षण कोणाला देणार होते कोण जाणे, कारण कंत्राटदाराला फोन गेला आणि मुलगा दुसऱ्या दिवसापासून कामावर नव्हता.

मशीनची चूक नाही याचा पुरावा म्हणून अहवालाला आमच्या लॉगची एक ओळ जोडली होती : रात्री १० वाजून ४ मिनिटं, रीलोड सक्सेसफुल. ती ओळ मी लिहिलेली आहे. म्हणजे वेळ मशीनने टाकली, ‘सक्सेसफुल’ हा शब्द माझा.

हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. आणि त्या बटणाविरुद्ध, जे आम्ही सगळे विकतो.

आधी आत काय असतं ते सांगते. कोड न लिहिणाऱ्यांनीही वाचा, अवघड नाही. मशीनचा मुख्य प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे. व्हॉल्व्ह उघडणं, सेन्सर वाचणं, स्क्रीन रंगवणं हे तो करतो. पण कोणत्या पाइपला किती दाब, किती वेळ, किती मर्यादा हे सतत बदलतं. त्यासाठी त्याच्या पोटात आम्ही पायथन बसवतो, म्हणजे प्लांटच्या माणसाला छोट्या स्क्रिप्ट बदलता येतात. याला एम्बेडेड स्क्रिप्टिंग म्हणतात. गेम्समध्ये असतं, नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, भोसरीच्या शेडमध्येही असतं.

आमच्या स्क्रिप्ट साध्या फाइलींत नसतात. मालकांना भीती की दुसरा मशीनवाला त्या उचलून नेईल, म्हणून सगळ्या एका कुलूपबंद गठ्ठ्यात. पायथनला तो गठ्ठा वाचता येत नाही, तिथे इम्पोर्ट हुक लागतो. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट लिमिट्स’ असं लिहिलं की तो एका रांगेतल्या प्रत्येकाला विचारत जातो, ‘लिमिट्स नावाचं कोणाकडे आहे का?’ या रांगेचं नाव सिस.मेटा_पाथ. आम्ही रांगेत सर्वांत पुढे आमचा माणूस उभा केला. तो म्हणतो, ‘माझ्याकडे आहे’, गठ्ठा उघडतो, मजकूर काढून देतो. एकदा मिळालेलं मॉड्यूल पायथन सिस.मॉड्यूल्स या वहीत नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी कोणी मागितलं तर वहीतूनच देतो, रांगेकडे जात नाही. ही सोय २००३ मध्ये आलेल्या पायथन २.३ पासून आहे. जस्ट व्हान रॉसम आणि पॉल मूर यांनी तिचा प्रस्ताव लिहिला, पेप ३०२. त्या जुन्या कागदातच हुक लिहिणाऱ्यांसाठी ताकीद आहे : त्या नावाचं मॉड्यूल वहीत आधीच असेल तर तेच वापरा, नवं बनवू नका, नाहीतर रीलोड नीट चालणार नाही. हे नियम मला कोणी लपवून ठेवले नव्हते.

आता रीलोड. इम्पोर्टलिब.रीलोड म्हटलं की पायथन पुन्हा रांगेला विचारतो, नवा मजकूर घेतो, आणि तो त्याच जुन्या मॉड्यूलच्या आत पुन्हा चालवतो. नवी नावं जुन्यांवर लिहिली जातात. जी नावं नव्या मजकुरात नाहीत ती पुसली जात नाहीत, तशीच राहतात. आणि ज्यांनी आधीच आतली वस्तू काढून आपल्याकडे नेली आहे त्यांना कोणी कळवत नाही.

तुमचा फोन नंबर बदलला असं धरा. काही मित्र दर वेळी तुमच्या आईला विचारून फोन लावतात, त्यांना नवा नंबर मिळेल. काहींनी नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, ते जुन्यावरच लावत बसतील. आमच्या मशीनमध्ये स्क्रीन रंगवणारा भाग आईला विचारणारा होता : लिमिट्स.मॅक्स_लीक. पास-नापास ठरवणारा भाग नंबर सेव्ह करणारा होता : फ्रॉम लिमिट्स इम्पोर्ट मॅक्स_लीक. रीलोड झालं. स्क्रीनला ४ मिळालं. निकाल ६ वरच लागत राहिला.

माणूस स्क्रीन बघतो, मशीन दुसऱ्याच आकड्याने ठरवतं, आणि दोन्हींच्या मधे ‘रीलोड सक्सेसफुल’ लिहिलेलं. लॉग खोटं बोलत नव्हता. रीलोडचं फंक्शन चूक न देता परत आलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. पण ते फक्त मला माहीत होतं.

मला हे सापडायला दोन दिवस लागले, त्यातला एक पूर्ण दिवस एका विनोदी कारणाने वाया गेला. तपासासाठी मी ऑफिसच्या मशीनवर स्क्रिप्टमध्ये मुद्दाम चूक घातली, रीलोड केलं आणि पायथन एररमध्ये कोणती ओळ दाखवतो ते पाहिलं. तो जुनीच ओळ दाखवत होता! मी हुकवर संशय घेतला, गठ्ठ्यावर घेतला, डिस्कवर घेतला. खरं असं की एररमध्ये ओळी दाखवण्यासाठी पायथन लाइनकॅश नावाची वेगळी वही ठेवतो. फाइल बदलली तर ती वही तारीख बघून ताजी होते. पण मजकूर हुकमधून आला असेल तर बघायला तारीखच नसते, आणि ती नोंद तशीच सोडून दिली जाते. चालत होता नवा कोड, दिसत होता जुना. प्लांटमध्ये नेमकं उलटं.

आता माझे सहकारी काय म्हणतात ते मला पाठ आहे, कारण मीही तेच म्हणायचे. ‘अगं, फ्रॉम-इम्पोर्ट वापरलंस ही तुझी चूक. नीट लिहिलं तर रीलोड मस्त चालतं.’

बरं, नीट लिहू. मी लिहून पाहिलं. सगळी मॉड्यूल्स योग्य क्रमाने रीलोड केली. लगेच दुसरी गंमत. ‘निकाल’ नावाचा क्लास नव्याने तयार झाला, आणि आधी बनलेल्या वस्तू जुन्या ‘निकाल’च्या राहिल्या. नाव तेच, मजकूर तोच, पण पायथनच्या लेखी दोन वेगळ्या जाती. ‘ही वस्तू निकाल आहे का?’ विचारलं की उत्तर नाही. तेही सोडवलं. मग कळलं की सी प्लस प्लसच्या बाजूने मशीन सुरू होतानाच ‘पाइप झाला की हे फंक्शन बोलव’ असं एक फंक्शन धरून ठेवलंय. सी प्लस प्लसला रीलोड नावाची गोष्टच माहीत नाही. ते जुनं फंक्शन इमानदारीने बोलवत राहिलं. एम्बेडेड स्क्रिप्टिंगमधली खरी मेख ही आहे. पायथनच्या हद्दीतले सगळे धागे एक वेळ शोधता येतील, यजमान प्रोग्रामने मुठीत धरलेले पायथनला दिसतही नाहीत. वहीतून नाव पुसून पुन्हा इम्पोर्ट करून पाहिलं, तर मागे फिरणारा एक थ्रेड जुन्या कोडमध्येच चालू राहिला आणि एकाच मशीनमध्ये दोन मर्यादा सुखाने नांदू लागल्या. पूर्ण पायथन बंद करून त्याच प्रोग्राममध्ये पुन्हा सुरू करावा म्हटलं, तर पायथनचीच माहितीपत्रकं सांगतात की सगळी मेमरी परत मिळेलच असं नाही आणि काही एक्स्टेन्शन्स दुसऱ्यांदा सुरू करणं सहन करत नाहीत.

म्हणजे ‘नीट लिहिलं तर’ याचा अर्थ असा : कोणी कोणता संदर्भ कुठे धरून ठेवलाय हे लिहिणाऱ्याला कायम, सगळीकडचं, ठाऊक असेल तर. आमच्या गठ्ठ्यात स्क्रिप्ट कोण लिहितं? मी, माझ्याआधी सोडून गेलेले दोघे, आणि प्लांटचे तीन इंजिनियर, ज्यांना आम्ही चार तासांचं ट्रेनिंग दिलं. त्यात फ्रॉम-इम्पोर्ट कसं लिहायचं ते शिकवलं होतं. बटण कसं दाबायचं तेही.

पायथनची भाषा घडवणाऱ्यांनाही हे बटण हाताशी असावं असं वाटत नसावं, असा माझा अंदाज. पूर्वी रीलोड कुठूनही थेट बोलवता यायचं. २००८ च्या पायथन ३.० मध्ये ते आतल्या कपाटात गेलं, २०१४ च्या ३.४ मध्ये आणखी एका कपाटात, आणि २०२३ च्या ३.१२ मध्ये ते मधलं कपाटच काढून टाकलं. आम्ही मात्र ते बाहेर आणून टचस्क्रीनवर तीन बोटं रुंद हिरवं बटण केलं.

‘पण न थांबता कोड बदलणाऱ्या यंत्रणा आहेत की!’ आहेत. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली एर्लँग घ्या. तिथे एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी जिवंत असू शकतात, हे भाषेने उघडपणे मान्य केलेलं आहे : चालू आणि जुनी. जुनीतून नवीत कोणत्या क्षणी जायचं याचा नियम आहे. हातातली माहिती नव्या आकारात कशी आणायची यासाठी वेगळं फंक्शन लिहावं लागतं. आणि तिसरी आवृत्ती आली तरी कोणी पहिलीतच रेंगाळत असेल तर त्या प्रोसेसला मारलं जातं. ‘तुझा कोड आता नाही, तू संपलास.’ ही शिस्त पायापासून घातलेली आहे, वरून चिकटवलेलं बटण नाही. आमच्या प्लांटमधल्या पीएलसीवाल्या काकांना विचारा. चालत्या मशीनवर ‘ऑनलाइन चेंज’ करताना ते आधी सगळ्यांना मशीनपासून लांब उभं करतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तेवढीही भीती वाटत नाही.

जुना कोड जिवंत राहिला तर काय होतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण चाकणपासून फार लांबचं आहे. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअरदलाली कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, सातांवर गेला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि तो जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. त्या प्रकरणावर सरकारी चौकशीचा जाहीर आदेश निघाला. आमच्या ४१ पाइपांवर एका पानाचा अहवाल निघाला.

मग हे बटण आलं कुठून? आमच्या ऑर्डरींत एक अट असते : रेसिपी बदलताना मशीन थांबता कामा नये. आमचं मशीन पूर्ण बंद करून सुरू करायला नऊ मिनिटं लागतात, कारण सेन्सर स्थिर व्हावे लागतात आणि हवेचा दाब पुन्हा भरावा लागतो. एका पाइपला ७० सेकंद. नऊ मिनिटं म्हणजे सात-आठ पाइप. सात-आठ पाइप वाचवण्यासाठी हे बटण आहे. त्या रात्री ४१ गेले आणि एक माणूस गेला.

या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात अँडॉनचा बोर्ड टांगलेला असतो. टोयोटाकडून आलेली पद्धत. तिचं मूळ असं की लाइनवरच्या कोणालाही काही विचित्र दिसलं तर त्याने दोरी ओढावी, लागली तर लाइन थांबावी, आणि ओढणाऱ्याचं चुकलं तरी त्याला कोणी बोलू नये. आम्ही बोर्ड आणला, दोरी आणली नाही. त्या मुलाने त्याच्या हातात होती तीच दोरी ओढली, एक फोटो पाठवला. तोही बंदी असलेल्या फोनने.

दुसरा राग मला कुलपाचा आहे. तो प्रोसेस इंजिनियर हुशार आहे, पायथन बरं लिहितो. निकाल ठरवणारी स्क्रिप्ट त्याला उघडून दिसली असती तर दहा मिनिटांत त्याने चूक पकडली असती. पण ती गठ्ठ्यात, किल्ली आमच्याकडे. निकालाची पद्धत आमची मालमत्ता आणि निकालाची जबाबदारी ऑपरेटरची, अशी ही विभागणी आहे. कोणी तोंडाने म्हणत नाही, पण अहवाल वाचला की तीच दिसते. चोरी होईल ही मालकांची भीती खोटी नाही, आमचं एक डिझाइन खरंच उचललं गेलंय. तरी माल पास करणारे चार नियम वाचायला खुले ठेवल्याने आमचं काय जाणार आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. हार्डवेअर धरून ठेवणारा प्रोग्राम एक, स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम वेगळा. रेसिपी बदलली की दुसरा मारून टाकायचा आणि नवा उभा करायचा. सेन्सर हलत नाहीत, दाब जात नाही, आणि जुना कोड कोणाच्या मुठीत उरूच शकत नाही, कारण ती मूठच मेलेली असते. माझ्या प्रयोगात याला दोन सेकंद लागले. दुसरं, स्क्रीनने मर्यादा स्वतः वाचायची नाही. निकाल देणाऱ्याने ज्या आकड्याशी तुलना केली तोच आकडा त्याने निकालासोबत पाठवायचा, आणि स्क्रीनने तो दाखवायचा. हे असतं तर त्या रात्री पहिल्याच पाइपला ६.० दिसलं असतं. तिसरं तर सॉफ्टवेअरही नाही. गळतीच्या मशीनला ठरावीक गळणारा मास्टर पीस असतो, तो पाळीच्या सुरुवातीला लावून लाल येतो का बघतात. त्या रात्रीही लावला होता, लाल आला. पण तो मास्टर ८ सीसीचा होता, जुन्या मर्यादेसाठी बनवलेला. ८ हा ४ पेक्षाही जास्त आणि ६ पेक्षाही. मर्यादा ४ केली तेव्हा साडेचारचा नवा मास्टर बनवायला हवा होता. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

वेगळ्या प्रोग्रामचं काम सहा आठवड्यांचं आहे. मी तसं लिहून दिलं. सर म्हणाले, ‘बटण चालतंय ना आता? मग?’ आता म्हणजे मी फ्रॉम-इम्पोर्ट काढून टाकल्यापासून. चालतंय खरं. पुढचा नवा इंजिनियर पुन्हा तशी ओळ लिहीपर्यंत चालेल. लॉगमधला शब्द मी कोणालाही न विचारता बदलला. आता तिथे येतं : ‘मजकूर पुन्हा वाचला. जुने संदर्भ शिल्लक असू शकतात. मास्टर लावा.’ सेल्सवाल्या दादांना ते आवडलेलं नाही. गिऱ्हाईक घाबरतं म्हणे.

गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेऊन म्हणाले, ‘मॅडम, केस क्लोज झालीय. आता उघडली तर तुमच्या मशीनवर येईल, बघा.’ आमच्या ऑफिसातही तेच, शब्द वेगळे : लेखी दिलं तर पेमेंट अडकेल.

त्या मुलाला मी फोन केला. तो तेव्हा खराबवाडीच्या एका रूमवर चौघांत राहत होता आणि दुसऱ्या कंत्राटदाराकडे नाव लावून बसला होता. मी त्याला फोन नंबरचं उदाहरण देऊन सगळं समजावलं, चूक माझ्या कोडची होती हेही सांगितलं. त्याला पटकन कळलं. मग म्हणाला, ‘मॅडम, हे मला सांगून काय उपयोग? कागदावर द्या ना. पुढच्या कंपनीत विचारतेत, आधीचं का सोडलं म्हणून.’

कागद मी त्याच संध्याकाळी टाइप केला. एक पान आहे, तारीख, वेळ, दोन ओळी कोड आणि त्याचं नाव. कंपनीच्या सहीशिक्क्यासाठी तो तेव्हापासून सरांच्या टेबलावर आहे. दर सोमवारी मी विचारते.